परसातला पाणवठा

चिखलात उमटलेला पंजा प्रभाला दिसला तेव्हा नुकतं कुठं उजाडलं होतं आणि तिच्या हातात शेवाळ काढायची जाळी होती. आधी तिला वाटलं, काळू पाणी प्यायला उतरला असेल. काळू म्हणजे गल्लीतलं कुत्रं; सगळ्या कॉलनीचं, आणि म्हणून कुणाचंच नसलेलं. पण काळूच्या पायांचे ठसे ती रोज बघायची. त्याच्या बोटांपुढे नखांचे टोचे उमटत. इथे टोचे नव्हते. चार गोल बोटं, मागे रुंद गादी, आणि कडेचा चिखल इतका अलगद दाबलेला की जनावर जड असूनही त्याला आपलं वजन नीट ठाऊक असावं. प्रभा उकिडवी बसली. तिनं आपला तळहात त्या ठशावर ठेवला. चिखल गार होता. हात उचलला तर ठशाच्या आत तिच्या बोटांच्या खुणा उठल्या होत्या. मग तिच्या हातानं, तिला न विचारताच, एक गोष्ट केली. कडेचा ओला चिखल ओढून त्यानं तो ठसा सारवून टाकला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून माधवनं चहा झाला का म्हणून विचारलं. झाला, ती म्हणाली. चहा अजून ठेवलाही नव्हता.

अठ्ठ्याऐंशी सालचा मे महिना होता. लागोपाठ तिसरा पावसाळा कोरडा गेला होता. कानोत्याच्या धरणावर माणसं सहलीला जायची, तिथं आता भेगाळलेल्या तळावर पोरं क्रिकेट खेळतात असं माधवच्या दवाखान्यातला कंपाउंडर सांगत होता. घरामागे झालान्याचा डोंगर उन्हात भाजून राखेच्या रंगाचा झाला होता. माधव हाडांचा डॉक्टर. सरकारी हॉस्पिटलात नोकरी लागली म्हणून तो जयपूरला आला, आणि लग्न होऊन प्रभा त्याच्यामागं सांगलीहून आली, दोन-तीन वर्षांसाठी म्हणून. त्या दोन-तीन वर्षांत मुलगा झाला, तो शिकून दिल्लीला गेला, प्रभाला मुलींच्या एका कॉलेजात ग्रंथपालाची जागा मिळाली, डोंगराच्या पायथ्याला नवी कॉलनी पडली तेव्हा तिथं घरही बांधून झालं, आणि सांगलीला परत जायची गोष्ट दोघांच्याही बोलण्यातून कधी निघून गेली ते कुणाच्या लक्षात आलं नाही. घर बांधताना भिंतींना पाणी मारायला कंत्राटदारानं मागच्या अंगणात एक हौद खणला होता. काम संपल्यावर तो बुजवायचा होता. पण बुजवायला माणसं आली त्या सकाळी प्रभानं पाहिलं, हौदाच्या काठावर एक धोबी पक्षी शेपटी वरखाली करत चालला होता, अगदी घरच्यासारखा, जणू काठ त्याच्यासाठीच बांधला होता. राहू दे, ती माणसांना म्हणाली. त्या राहू देण्याला कारण नव्हतं. माधवनं विचारलं तेव्हा तिनं झाडांना पाणी लागेल असं काहीतरी सांगितलं होतं.

नंतर हळूहळू ती त्यातलं एकेक शिकत गेली. सरळ भिंतीच्या पाण्यात पाखरं उतरत नाहीत, आणि खारीची, मुंगसाची पिल्लं पडली तर वर येऊ शकत नाहीत. म्हणून तिनं एक बाजू फोडून तिथं दगडांची उतरण करून घेतली आणि वर डोंगराची माती पसरली. डास होऊ नयेत म्हणून गप्पी मासे आणून सोडले. मासे आले म्हणून खंड्या आला. कडेला पाणकणीस रुजलं, ते कुणी लावलं नव्हतं, बहुतेक एखाद्या बगळ्याच्या पायाला चिकटून आलं असावं. कडुनिंबाची पानगळ रोज काढावी लागे, नाहीतर पाणी काळं पडून वास मारी. शेवाळ सगळं काढायचं नाही, निम्मं ठेवायचं, कारण त्यात बेडकांची अंडी असतात. एका कडेचा चिखल कायम ओला ठेवायचा, कारण कुंभारमाश्या तिथून मातीच्या गोळ्या उचलून नेतात. यातलं काही तिनं ग्रंथालयातल्या पुस्तकात वाचलं, बरंचसं चुकून कळलं. मोर यायचे, टिटव्या यायच्या, एका उन्हाळ्यात घोरपड येऊन तासन्‌तास दगडावर पडून राहायची. माधवला गंमत वाटे. हाउसिंग बोर्डानं गावाच्या पलीकडे मानसरोवर नावाची कॉलनी काढली होती, त्यावरून तो पाहुण्यांना सांगायचा, ते नावाचं, खरं मानसरोवर आमच्या मागच्या दारी आहे. दिल्लीहून आला की मुलगा त्याच्या हिंदी वळणाच्या मराठीत विचारायचा, "आई, मतलब, तू तळ्याशी बोलते का?" ती हसायची. बोलत ती नव्हतीच. तळ्यापाशी बोलावं लागत नाही हेच तर तिला तिथं आवडत होतं.

या वर्षी मात्र तळं राखणं लाजेचं झालं होतं. नळाला सकाळी थोडा वेळ पाणी यायचं. शेजारचे कासलीवालजी गच्चीवरून तिच्या तळ्याकडे बघायचे आणि काही म्हणायचे नाहीत, ते न म्हणणं प्रभाला ऐकू यायचं. म्हणून ती नळाचं पाणी तळ्यात घालत नसे. तांदूळ-डाळ धुतलेलं, भाज्या धुतलेलं, कूलरखाली ठिबकून बादलीत साठलेलं, असं पाणी ती दिवसभर गोळा करी आणि संध्याकाळी नेऊन ओती. तळं निम्म्यावर आलं होतं तरी होतं. डोंगरापासून इथपर्यंत दुसरं उघडं पाणी कुठं राहिलं नव्हतं हे तिला कळत होतं, कारण एवढी पाखरं पूर्वी कधी येत नव्हती. एकमेकांना भिणारी पाखरं शेजारी शेजारी उभी राहून पाणी पीत. शिक्रा एका कडेला आणि होले दुसऱ्या कडेला. ते बघताना तिला आनंद होत नसे, एक प्रकारचं ओझं वाटे. आपण चार दिवस कुठं गेलो तर काय होईल, हा विचार तिला पहिल्यांदाच पडायला लागला होता. संसारात असा विचार तिला कधी पडला नव्हता. माधव स्वयंपाक करायला शिकला असता, मुलगा तर होस्टेलवर वाढलाच.

ठसा दिसल्यानंतर ती रोज पहाटे उठून मागच्या जाळीच्या दाराआड पायरीवर बसायला लागली. माधवला तिनं सांगितलं की उकाड्यानं झोप येत नाही. तिसऱ्या की चौथ्या पहाटे तो आला. आला असं म्हणायचं, पण येताना तो दिसलाच नाही. मागची बुटकी दगडी भिंत, पाणकणीस, उतरण, सगळं करड्या उजेडात रोजच्यासारखं होतं आणि त्यातलाच एक तुकडा खाली उतरून पाणी पीत होता. बिबट्या. प्रभाच्या मनात तो शब्दही उशिरानं आला. तो वाळलेला होता, बरगड्या मोजाव्या अशा, आणि एका कानाची कड फाटली होती. तो मांजरासारखंच पाणी पीत होता, लपलप, लपलप, आणि तो आवाज इतका घरगुती होता की तिच्या घशाशी हसू आलं. भीती तिला वाटली, पण दुसऱ्याच बाईला वाटावी तशी. पिऊन झाल्यावर त्यानं मान वर केली आणि जाळीच्या दाराकडे बघितलं. त्याला ती दिसली की नाही कोण जाणे. तिला मात्र वाटलं की आपल्याला कुणीतरी पाहिलं आहे. अनेक वर्षांत असं कुणी पाहिलं नव्हतं. ग्रंथालयात मुली पुस्तक मागताना बघतात, माधव जेवताना बघतो, तसं नाही. मग तो वळला, भिंतीवर चढला, आणि भिंत पुन्हा नुसती भिंत झाली.

ती कुणाला सांगणार नाही हे तिथंच ठरलं. ठरवायला ती बसली नव्हती. तिला आठवलं ते सांगलीजवळचं हरिपूर, मामांचं घर, गोठ्याची मातीची भिंत. ती तेव्हा परकरात होती. भिंतीच्या वरच्या अंगाला एक भोक होतं आणि त्यात घुबडाची पिल्लं होती, पांढरी, कापसाच्या बोळ्यासारखी, चेहऱ्याच्या जागी नुसते डोळे. चार-पाच दिवस ती गोष्ट तिची एकटीची होती. ती जेवताना, शाळेत, झोपताना त्या भोकाचा विचार करायची आणि तिला आपण आतून रुंद झालो आहोत असं वाटायचं. मग ते सुख तिला झेपेना, म्हणून तिनं मामीला सांगितलं. मामी तिला रागावली नाही, उलट जवळ घेऊन म्हणाली, बरं झालं सांगितलंस, घरावर अवदसा आली असती. दुपारी गड्यानं शिडी लावून ते भोक दगड-मातीनं लिंपून टाकलं. प्रभा गोठ्यात जाऊन भिंतीला कान लावायची. आत दोन दिवस खरवडल्यासारखा आवाज येत होता. तिसऱ्या दिवशी आला नाही. याबद्दल ती पुढे कधीच कुणाशी बोलली नाही, माधवशीसुद्धा नाही. पण जन्मभर लोक तिला म्हणत आले की तू किती कमी बोलतेस, तेव्हा दर वेळी तिला ती लिंपलेली जागा दिसायची, भिंतीपेक्षा थोडी गडद, वाळायला वेळ घेणारी.

पुढचे दिवस तिला निराळेच गेले. ती भाजी निवडायची, हिशेबानं पाणी वापरायची, माधवला डबा भरून द्यायची, आणि या सगळ्याच्या मागं ती पहाट उभी असायची. माधव एकदा म्हणाला की हल्ली तू बरी दिसतेस, कॉलेजची सुट्टी मानवलेली दिसते. एकदा जेवताना तिला आपण गुणगुणतो आहोत असं लक्षात आलं. तळ्यात ती आता जरा जास्त पाणी ओतत होती. अंघोळीची एक बादली तिनं कमी केली, आणि एका सकाळी नळाच्याही दोन बादल्या नेऊन ओतल्या, कासलीवालजी गच्चीवर नाहीत हे बघून. बिबट्या रोज येत नसे. ज्या दिवशी येई त्या दिवशी उजाडता उजाडता ती ओल्या मातीवरून हात फिरवून ठसे मोडून टाकी, आणि मग दिवसभर नखांत अडकलेली माती तिला काढवत नसे.

मग काळू दिसेनासा झाला. कासलीवालजींनी फाटकातून विचारलं, तुम्ही त्याला पोळी घालता, तुमच्याकडे आला का दोन दिवसांत? प्रभा नाही म्हणाली. ते म्हणाले, नगरपालिकेची गाडी आली असेल. असेल, ती म्हणाली. एवढंच. घरात येऊन तिनं कणीक मळायला घेतली आणि काळूची पोळी धरून मळली. ते कळल्यावर परातीकडे बघत उभी राहिली. कुत्रं होतं, तिनं स्वतःला सांगितलं. डोंगरात त्याला हरिण मिळालं असतं, इथं कुत्रं मिळालं. पुस्तकात हेच वाचलं असतं तर तिनं मान डोलावून पान उलटलं असतं. पण काळू तिच्या पायरीवर बसून हनुवटी पंजावर टेकायचा, आणि त्याची ती बसायची जागा पायरीवर तेलकट डागासारखी राहिली होती. ती पहाटे त्याच पायरीवर बसत होती. तरी ती बसली. दुसऱ्या दिवशीही बसली. हे आपण काय करतो आहोत असं तिला वाटत होतं, पण ते वाटणं तिला उठवण्याइतकं मोठं होत नव्हतं. सांगणं म्हणजे लिंपणं, एवढं एकच वाक्य तिच्याजवळ होतं, आणि ती ते धरून बसली होती.

मागच्या भिंतीपलीकडे एक अरुंद वाट होती आणि वाटेपलीकडे एक अर्धवट बांधलेलं घर. मालक परगावी, पैसे संपले म्हणून काम थांबलेलं. सिमेंट-सळयांची राखण करायला सुखदेव नावाचा मजूर आणि त्याची बायको भंवरी तिथं राहत होती. आतल्या खोलीत सिमेंटची पोती रचलेली, म्हणून ती दोघं बाहेर वाळूच्या ढिगाशेजारी खाट टाकून झोपत. त्यांना एक रांगतं मूल होतं. भंवरी कधीकधी भिंतीपाशी येऊन पाणी मागायची आणि प्रभा द्यायची, हंडाभर, कधी नाही म्हणाली नव्हती. काढलेलं शेवाळ टाकायला प्रभा त्या वाटेवरच्या खड्ड्यापर्यंत जायची. त्या सकाळी तशीच गेली असताना तिची नजर वाळूवर पडली. वाळू रात्रीच्या वाऱ्यानं गुळगुळीत झाली होती आणि तीवरून ठसे गेले होते, डोंगराकडून भिंतीकडे, न थांबता, एका रेषेत. म्हणजे तो रोज याच वाटेनं येतो. हे तिला कळायला हवं होतं. डोंगर तिकडे, भिंत इकडे, मधे हेच घर. कळलं नव्हतं असंही नाही. ती ठशांच्या बाजूनं चालत गेली. बांधकामाच्या परांचीच्या एका आडव्या बांबूला भंवरीनं जुन्या साडीची झोळी बांधली होती, मुलासाठी, गुडघ्याच्या उंचीवर. झोळीपाशी ठसे थांबले होते. तिथली वाळू जास्त दबली होती. मग त्यांनी झोळीभोवती एक फेरा घेतला होता, पूर्ण, सावकाश, आणि मगच ते भिंतीकडे वळले होते.

प्रभाच्या हातातली जाळी वाळूत पडली. झोळीत मूल होतं. झोपलेलं, एक पाय बाहेर आलेला, पायात काळा दोरा. त्याचा श्वास चालू होता आणि ते ती बघत राहिली, कितीतरी वेळ, छाती वर होते, खाली जाते, वर होते. या मुलाला काय म्हणून हाक मारतात हे तिला माहीत नव्हतं. टिटवीची कुठली जोडी कुठली हे तिला ओळखू येत होतं. भंवरी चूल पेटवत होती, तिनं मान वळवून विचारलं, काय झालं बाईजी? प्रभानं ठसे दाखवले आणि तो शब्द उच्चारला, बिबट्यासाठीचा इकडचा, बघेरा. भंवरी आधी हसली. मग उठून आली, वाळूकडे बघितलं, झोळीकडे बघितलं, आणि मूल उचलून असं छातीशी धरलं की ते दचकून रडायला लागलं. सुखदेव सळयांच्या आडून आला. त्यानं ठशांभोवती फिरून पाहिलं आणि हळूच विचारलं, "कब से आ रहा है, बाईजी?"

"आज ही देखा," प्रभा म्हणाली.

ती दोघं त्या दिवसापासून प्रभाच्या घरात, पुढच्या व्हरांड्यात झोपायला येतील असं तिनंच ठरवून टाकलं. मग घरी येऊन ती तळं उपसायला लागली. बादलीमागून बादली ती कडुनिंबाच्या बुंध्याशी ओतत होती. मासे एका घंगाळात काढले. पाणी गुडघ्याखाली आलं, घोट्याखाली आलं, तळाचा काळा गाळ दिसायला लागला आणि बेडूक त्यात आंधळ्यासारखे सरकायला लागले. माधव हॉस्पिटलमधून आला तेव्हा ती गाळात उभी होती, पातळ खोचलेलं, कोपरापर्यंत काळी. तो काठावर उभा राहिला. तिनं सांगितलं, सगळं, पहिल्या ठशापासून. सांगताना तिला ते किती थोडं आहे असं वाटलं. चार वाक्यांत संपलं. माधव रागावणारा माणूस नव्हता. मोडलेली हाडं बघून बघून त्याला एक सवय लागली होती, आधी शांतपणे विचारायचं, कुठं दुखतं.

"किती दिवस माहीत होतं तुला?" त्यानं विचारलं.

"पुष्कळ."

"आणि मला का नाही सांगितलंस?"

तिला हरिपूरची भिंत सांगता आली असती. ओठाशी आली होती. पण तिथं झोळी टांगलेली असताना ती भिंत मधे आणणं तिला बरोबर वाटेना. "तुम्ही बंदोबस्त केला असता म्हणून," ती म्हणाली. बूट काढून माधव आत उतरला आणि तिला हात धरून वर घेतलं. मग तो फोन करायला गेला.

वनखात्याची माणसं दुसऱ्या दिवशी आली. त्यांचा रेंजर वयस्क, घसा बसलेला माणूस होता. त्यानं वाळू पाहिली, भिंत पाहिली, आणि रिकामं तळं बघून मात्र तो थांबला. हे कुणी केलं, त्यानं विचारलं. प्रभा म्हणाली, मी. तो म्हणाला की बहनजी, हे चूक झालं. पाणी होतं तोवर ते जनावर पाण्याला येत होतं आणि पिऊन जात होतं. आता ते पाणी शोधत घराघरांतून फिरेल, लोक गच्चीवर आणि अंगणात झोपतात. तळं पहिल्यासारखं भरा. पिंजरा आम्ही उतरणीवर लावतो. ते पाण्याला येईल. त्यानं हे अगदी साध्या आवाजात सांगितलं, औषध कसं घ्यायचं ते सांगावं तसं. या वेळी पाणी सगळ्या कॉलनीनं दिलं. कासलीवालजींनी आपल्या टाकीला नळी लावून दिली आणि ती भिंतीवरून प्रभाच्या हातात दिली. तळं भरायला ती एकटीच बसली होती, नळीचं तोंड धरून. पाणी गाळावर पडत होतं, गढूळ होत होतं, चढत होतं. ज्या पाण्यासाठी तिनं अंघोळीची बादली वाचवली, तेच आता ती दाणा टाकावा तसं टाकत होती. हे करू नये असं तिला वाटत नव्हतं. झोळीभोवतीचा तो फेरा तिला दिसत होता. पण नळीची धार वाकडी पडत होती. काठोकाठ भरल्यावर तिनं मासे सोडले. मासेही सोडले पाहिजेत असं कुणी सांगितलं नव्हतं.

तो तिसऱ्या पहाटे अडकला. पिंजऱ्याचं दार पडल्याचा आवाज झाला तेव्हा ती पायरीवर नव्हती. तिला तिथं बसायची मनाई होती. ती अंथरुणात जागी होती. माधव उठून वनखात्याच्या बंदूकवाल्या गार्डना हाक मारायला पुढच्या अंगाला गेला आणि तेवढ्यात ती मागचं दार उघडून बाहेर आली. पिंजऱ्याच्या कप्प्यात बांधलेली शेळी जिवंत होती, कोपऱ्यात अंग चोरून उभी. बिबट्यानं तिच्याकडे पाठ केली होती. तो पाण्याकडे तोंड करून बसला होता, गजांमधून पुढचा पंजा बाहेर काढून, आणि पंजा पाण्यापासून वीतभर अलीकडे पोचत होता. प्रभाला पाहून त्यानं दात दाखवले. दात पिवळे होते, एक मोडलेला. जवळून तो म्हातारा दिसत होता. तिनं घंगाळ उचललं, तळ्यात बुडवलं, आणि गजांशी सरकवलं. तो उसळला, पिंजरा हलला, शेळी ओरडली. ती मागे सरली नाही. थोड्या वेळानं त्यानं मान खाली केली, गजांमधून तोंड जेवढं येईल तेवढं काढलं आणि प्यायला लागला. डोळे तिच्यावर होते. लपलप, लपलप. माधवनं येऊन तिला खांद्याला धरून मागे ओढलं तोवर घंगाळ निम्मं झालं होतं.

सकाळभर माणसं येत राहिली. गावाच्या पार दुसऱ्या टोकाच्या झोटवाड्याहून कुणी बसनं आलं म्हणे, बघेरा बघायला. पोरं भिंतीवर चढली, पाणकणीस तुडवलं गेलं. बिबट्याला दूरच्या जंगलात सोडणार आहेत असं रेंजरनं सांगितलं. प्रभानं कुठल्या ते विचारलं नाही. ट्रक गेल्यावर भंवरी मूल घेऊन आली आणि एकदम वाकून प्रभाच्या पायांना हात लावला. तुमच्यामुळे माझं टाबर, माझं लेकरू वाचलं, बाईजी, ती म्हणाली, तुम्ही त्या दिवशी पाहिलं नसतं तर. प्रभाला तेव्हा गप्प बसता आलं असतं. जन्मभर ती तेच करत आली होती. तिनं भंवरीला उठवलं आणि सांगितलं की मी त्या दिवशी पहिल्यांदा नाही पाहिलं. मला आधीपासून माहीत होतं. बरेच दिवस.

भंवरी तिच्याकडे बघत राहिली. तिला समजलं नाही असं आधी प्रभाला वाटलं. मग भंवरीनं मुलाचं डोकं आपल्या ओढणीखाली घेतलं, ऊन लागू नये म्हणून घ्यावं तसं, आणि निघून गेली. त्या दिवसापासून ती पाण्याला कासलीवालांकडे जायला लागली. वाटेत भेटली तर नुसतं ‘जी’ म्हणायची, तेवढंच. झोळी तिनं बांधकामाच्या पलीकडच्या अंगाला नेली, जिथलं प्रभाच्या भिंतीवरून काही दिसत नाही.

पाखरं परत यायला आठवडा गेला. आधी सातभाई आले, त्यांना कशाचंच काही नसतं. टिटव्या आल्या. प्रभा पुन्हा संध्याकाळी डाळ-तांदळाचं पाणी ओतायला लागली. तुडवलेली उतरण तिनं दगड बसवून नीट केली, कडेचा चिखल पुन्हा ओला ठेवला. माधव हल्ली कधीकधी हॉस्पिटलातून आल्यावर तिच्याबरोबर मागं येऊन बसायचा. त्याला पाखरांची नावं माहीत नव्हती आणि तो विचारायचाही नाही. एका संध्याकाळी कूलरखालची बादली त्यानं उचलून आणली, तिच्या हातात न देता स्वतःच पाण्यात ओतली, आणि रिकामी बादली पायांशी ठेवून तो म्हणाला, "पुन्हा एखादं आलं तर?"

"सांगेन तुम्हाला," प्रभा म्हणाली.

"लगेच?"

डोंगरावरचा उजेड उतरत होता. पलीकडून, बांधकामाच्या मागून, मुलाच्या रडण्याचा आवाज आला आणि थांबला. प्रभा तो थांबलेला आवाज ऐकत राहिली. "लगेच," ती म्हणाली, आणि हे आपण त्याला खरंच सांगितलं की त्यानं विचारलं म्हणून म्हणालो, ते तिचं तिला कळेना, म्हणून तिनं पुन्हा एकदा, मोठ्यानं, म्हटलं, "लगेच सांगेन."